परमा नव्हता तो

परमा हा शब्द बाईमाणसानं तोंडात घ्यायचा नसतो, असं आमच्याकडं होतं. पुरुषसुद्धा तो आवाज बारीक करून, इकडंतिकडं बघून बोलायचे. बाहेरख्याली माणसाला वाईट संगतीनं लागणारा रोग तो. मी मात्र तो इथं चांगला ठळक लिहिणार आहे. त्या एका शब्दानं माझ्या नवऱ्याचा जीव घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं होतं, आणि तो रोग त्यांना झालेलाच नव्हता. एवढी वर्षं झाली, पण हे आठवलं की मला अजून एका जागी बसवत नाही. आत्ताही लिहिता लिहिता उठून चूल बघून आले, चुलीवर काही नसताना.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या आगेमागेची गोष्ट. आमचे हे पलटणीत होते. कराडच्या खालच्या अंगाला कृष्णाकाठी आमची उसाची जमीन, आणि भावकीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातला एकजण पलटणीत, त्यामुळं लढाईवरून माणूस परत येणं काही नवं नव्हतं. पण हे आले ते मुदतीच्या आधी, अनफिट होऊन. अंगावर वार नाही, गोळी नाही, हातपाय धड. मग अनफिट कशापायी? ज्याच्या त्याच्या तोंडी हाच प्रश्न. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, "शुगर." डॉक्टरनं इंग्रजीत सांगितलं, ह्यांना त्यातला तेवढा एक शब्द कळला, आणि तो घेऊन हे घरी आले. "पलटनीनं साखर दिलीया व्हय? कुटं हाय?" म्हणून आत्यांनी ह्यांची ट्रंक उघडून बघितली. आत्या म्हणजे माझी सासू. मामंजी माझ्या लग्नाआधीच वारले होते, घराचा सगळा कारभार आत्यांच्या हातात.

पलटणीत ह्यांचं काम लंगराच्या, म्हणजे शिपायांच्या स्वयंपाकघराच्या, कोठारात. रजेवर यायचे तेव्हा अंगानं असे भरलेले असत की आत्या मीठमोहऱ्या ओवाळून टाकायच्या. आता आले ते सदरा खुंटीला अडकवल्यासारखे. भूक मात्र राक्षसाची. आणि तहान! विहिरीवर मोटेच्या थारोळ्याला तोंड लावून पाणी प्यायचे, परत येऊन घरातला तांब्या रिकामा करायचे, आणि घटकाभरात उठून गोठ्यामागं जायचे. आले की परत तांब्या. मी भाकरी थापता थापता ह्यांच्या पावलांचा आवाज ऐकत बसायची. आत आले, बाहेर गेले, आत आले. माझी भाकरी तव्यावर करपायची आणि आत्या म्हणायच्या, "तुजं चित्त कुटं हाय गं?" कुठं असणार? गोठ्यामागं.

शेवटी मीच हट्ट धरला, वाईच्या वैद्याकडं जायचं. त्या वैद्यबुवांचं नाव आमच्या बाजूला मोठं. बरोबर ह्यांचे चुलते आले, आमचे धाकटे मामंजी. घरातला कर्ता पुरुष म्हणून ते पाहिजेतच, असं आत्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. घाटावरच्या एका ओसरीत वैद्यबुवा बसलेले, समोर रोग्यांची रांग. त्यांनी ह्यांची नाडी बघितली, जीभ बघितली, तहान-भूक विचारली, आणि पथ्य सांगायला लागले. ते मी कान देऊन ऐकलं, म्हणून अजून पाठ आहे. जवाची भाकरी खावी, जव नसला तर बाजरीची. हुलगे, मूग, कारलं, मेथी, पालेभाजी. गूळ, साखर, उसाचा रस, नवा तांदूळ, सगळं बंद. भूक राखून जेवावं. दिवसा आडवं व्हायचं नाही. आणि चालायचं. बसून खाणाऱ्याला हा रोग सोडत नाही, पूर्वीचे लोक अशा रोग्याला गुरांमागं रानात धाडायचे, म्हणाले.

मला हसूच आलं. मी आटपाडीकडची. आमच्याकडं पाऊस नाही, ऊस नाही. बाजरी, हुलगे आणि मेंढरामागं पायपीट एवढंच आहे. सासरी आल्यापासून मला ह्या घरात हुलगेखाऊ म्हणत होते. आणि आता सातारा जिल्ह्यातला एवढा मोठा वैद्य आमच्या बागायतदाराला माझ्या माहेरचं जेवण लिहून देत होता.

पण माझं हसू तिथंच राहिलं. धाकट्या मामंजींनी विचारलं, "बुवा, पर ह्या रोगाचं नाव काय म्हनायचं?"

"मधुमेह," वैद्यबुवा म्हणाले. "प्रमेहाचे प्रकार आहेत पुष्कळ. त्यातलाच हा एक."

"प्रमेह म्हंजे? परमा का काय?"

"शब्द तोच. प्रमेहाचाच तुमच्या बोलीत परमा झाला."

वैद्यबुवांनी शब्दाचं मूळ अगदी बरोबर सांगितलं. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, माणूस चौकस आहे, शब्दाचा अर्थ विचारतोय. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, तर धाकट्या मामंजींनी हातानंच मला गप्प केलं. परमा हा शब्द निघाला होता ना, मग बाईमाणसानं तिथं उभंच राहायचं नाही. वैद्यबुवा पुढच्या रोग्याकडं वळले. येताना मोटारीत धाकटे मामंजी आमच्या शेजारी बसले नाहीत; पार मागं, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ जाऊन बसले. हे बाहेर बघत होते. ह्यांना त्यातलं काहीच कळलं नव्हतं, आणि मी सांगू कसं?

बाजाराचा दिवस उजाडायच्या आत गावाला कळलं. लढाईवरून आलेल्या पोराला परमा झालाय, वैद्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. अनफिटचं कोडं सुटलं म्हणून लोकांना बरंच वाटलं असावं. नदीवर बायका माझ्यापासून आपली धुणी लांब सरकवायला लागल्या. एकीनं तर मला सरळ विचारलं, "तुला बी लागलाय का गं?" मी तिच्या अंगावर ओलं पातळ झटकलं आणि घरी आले. आत्यांनी ह्यांचं ताट, तांब्या, अंथरूण सगळं वेगळं काढलं. भावकीतल्या पोरांच्या तोंडी एकच, पलटणीत लय जणांना होतो हा, आता नव्या सुया निघाल्यात, सुया टोचल्या की चार दिवसांत बरा होतो, मग हा बिनसुयांचा कसा आला?

ह्यांच्या कानावर आलं तेव्हा हे संतापानं लाल झाले. पण भांडायचं कुणाशी? तोंडावर कुणी बोलतच नव्हतं. आणि आमच्याकडं एक समजूत होती, ती ह्यांना नडली. परमा झालेल्याला गूळ चालत नाही. गूळ उष्ण, तो खाल्ला की आग होते, म्हणून असा माणूस गुळाला शिवत नाही. सगळ्यांना ठाऊक. म्हणजे बघा, वैद्यानं सांगितलं म्हणून ह्यांनी गूळ नको म्हटलं, की लोक एकमेकांना कोपरखळ्या मारणार. पथ्य पाळलं की रोग कबूल केला. आणि निर्मळ असल्याचं दाखवायचं तर गूळ खायचा. माझ्या जिवाचं काय झालं असेल! ह्यांना जगवणारी गोष्ट ह्यांची अब्रू घालवत होती, आणि अब्रू राखणारी गोष्ट ह्यांना मारत होती.

त्यात गुऱ्हाळाचे दिवस. शिवारात चुलाणं पेटलेली, काहिलीत रस उकळतोय, सगळ्या गावाला गोड वास. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला गरम गूळ द्यायचा, ही आमच्याकडची रीत. आणि दिलेला गूळ नाकारायचा नाही, ही पण रीत. आमच्याच गुऱ्हाळावर मी भाकरी घेऊन गेले तर हे मधोमध उभे, हातात एरंडाच्या पानावर गरम गूळ, आणि सगळी भावकी बघत बसलेली. हे एक घास खायचे आणि सगळ्यांकडं बघायचे. "आजून दे रं," म्हणायचे गुळव्याला. गुळव्या द्यायचा. ह्यांच्या कपाळावर घाम आलेला, ओठ कोरडे पडलेले, आणि तरी हे खातायत.

"आवं, बास करा की," मी न राहवून म्हटलं.

"का? मला काय झालंय?" सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सांग, काय झालंय मला?"

मी भाकरीचं फडकं तिथंच टाकलं आणि बांधावरून तरातरा घरी आले. घरी येऊन परत निघाले. अर्ध्या वाटेवरून परत घरी. असं किती वेळ केलं कुणास ठाऊक. शेजारीण म्हणाली, हिला काय झालंय, वारं शिरलंय का अंगात. हो, शिरलं होतं.

आणि मग पाय. तोडलेल्या उसाच्या फडातून हे अनवाणी गेले आणि बुडख्याचं टोक तळव्यात घुसलं. एरवी अशी जखम हळद लावली की आठ-दहा दिवसांत भरून येते. ही भरेना. दर दिवसाला जरा जास्त काळी, जरा जास्त ओली. पाय सुजला. हे म्हणायचे, दुखत नाही. हेच तर मला भ्या दाखवत होतं, एवढी जखम आणि दुखत कशी नाही? मी कारल्याचा रस दिला, जांभळाच्या बियांची पूड दिली, कुणी काय सांगितलं ते दिलं. पण सकाळी कारलं आणि दुपारी गुऱ्हाळावरचा गूळ, त्याला कारलं तरी काय करणार?

आत्यांना तर वेगळीच काळजी. माझी नणंद लग्नाची होती, वाळव्याकडचं एक चांगलं घर बघून ठेवलं होतं. तिकडून अजून नकार आला नव्हता, पण होकारही येत नव्हता. आत्या रोज ह्यांच्या ताटात गुळाचा खडा ठेवायच्या. दार उघडं ठेवून जेवायला बसवायच्या. "खा. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसू दे."

मी म्हटलं, "आत्या, त्यास्नी न्हाई चालत गोड."

"चालत न्हाई म्हनायला तू कोन वैद्य? पोरगी घरात बसली म्हंजे तू बघशील व्हय?" असं म्हणून त्यांनी आणखी एक खडा ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं. वाईट नव्हतं मनात. पण राग माझा काही कमी झाला नाही.

अशात माझा दादा आला. आटपाडीपर्यंत बातमी पोचली होती. दारात उभा राहिला, खांद्यावरची घोंगडी काढली नाही, दिलेलं पाणी घेतलं नाही. बहिणीच्या घरचं पाणी नाकारलं म्हणजे काय ते मला कळलं.

"कापडं बांद," दादा म्हणाला. "ह्या घरात तू ऱ्हायाचं न्हाई."

मी म्हटलं, "बांधते. दोगांची बांधते."

"ह्या मानसाला मी माज्या दारात उबा करनार न्हाई."

मी त्याचा हात धरून त्याला आत ओढला, ह्यांच्या पायावरचं फडकं सोडलं आणि म्हटलं, "बघ. परम्यानं तळपाय कुजतो का रं, दादा? कवा बघितलायस?" दादानं खाली वाकून बघितलं. मेंढरांच्या खुरांच्या जखमा जन्मभर बघितलेला माणूस तो. बघितलं, नाक चोळलं, आणि जाऊन पाणी प्यायला. पण ह्यांच्याशी बोलला नाही.

आत्यांनी आम्हाला दोघांना माझ्या माहेरी जाऊ दिलं, पण एका अटीवर. नणंदेच्या लग्नाच्या बैठकीला परत यायचं, आणि वाळवेकरांच्या समोर, सगळ्यांच्या पंगतीत, पोटभर गोड खायचं. हे "हां" म्हणाले. पलटणीतल्या माणसाला सवय, वरच्यानं सांगितलं की हां म्हणायचं.

कराडाहून रेल्वेनं मिरजेला उतरलो. तिथल्या मोठ्या इस्पितळात दाखवायचं, हे दादानंच ठरवलं. त्याला खात्री करून घ्यायची होती. डॉक्टरनं ह्यांची लघवी नळीत घेतली, त्यात निळं पाणी घातलं आणि दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता चक्क विटकरी. "साखर," डॉक्टर म्हणाले. परमा का, म्हणून दादानं तोंड फोडून विचारलं. डॉक्टर चिडलेच. परम्याचा आणि ह्याचा काडीचा संबंध नाही, म्हणाले. रोजच्या इंजेक्शनचं औषध निघालंय, पण ह्यांच्या वयाला आणि प्रकृतीला आधी खाणं आणि चालणं करून बघू; त्यानं भागलं नाही तर इंजेक्शन. पाय धुवून, पुसून, बांधून दिला. तो भरेपर्यंत त्यावर जोर द्यायचा नाही, नंतर चालायचं, पण अनवाणी एक पाऊल नाही, आणि रोज संध्याकाळी बायकोनं तळवे बघायचे. कारलं, जांभूळबी घ्यायची तर घ्या, त्यावर विसंबू नका. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुमच्याकडं ही नळी नाही. जिथं लघवी करतील तिथं मुंग्या लागतात का बघत जा. लागल्या तर साखर जातेय. पण पक्कं बघायला इथंच यायचं." आणि शेवटी एक सांगितलं, ते मी गाठ मारून ठेवलं. हा रोग आवरता येतो, पण जात नाही.

आटपाडीला पहिले दिवस फार वाईट गेले. हे खाटेवर पडून आढ्याकडं बघायचे. बाजरीची भाकरी, हुलग्याचं बिनगुळाचं माडगं, तांदळजाची भाजी, ताक. "हे खाऊन मानूस जगतो व्हय?" म्हणायचे. माझी वहिनी म्हणायची, "दाजी, आमी समदी जगलोय की." भुकेनं चिडायचे, ताट सरकवायचे, परत ओढायचे. जखम हळूहळू कोरडी पडली, कडेनं लाल मांस यायला लागलं. पाय टेकायची मुभा झाली तसे दादानं ह्यांना मेंढरामागं काढलं.

"मी काय मेंडका हाय?" हे म्हणाले.

"न्हाई, तुमी पलटनीतलं नाईकसाब हाय," दादा म्हणाला. बोलायला लागला होता आता. "पर मेंडरं काय सलाम करनार न्हाईत. चला."

तर हे पलटणीचे बूट घालून माळावर निघाले. मेंढरं इकडं गेली की हे तिकडून "लैन में चलो" म्हणून ओरडायचे, आणि दादाचा कुत्रा ह्यांच्यावरच भुंकायचा. सकाळी जायचे, उन्हं डोक्यावर आली की झाडाखाली भाकरी, परत चालणं, संध्याकाळी घरी. आले की मी गरम पाण्यानं पाय धुवायची, बोटांच्या बेचक्यातलं पाणी टिपायची, दिव्याजवळ तळवे धरून बघायची. हे म्हणायचे, आता नाडी बघ, जीभ बघ. म्हणू देत.

आणि मुंग्या. माझं दुसरं ध्यान नव्हतं. हे बाभळीखाली गेले की थोड्या वेळानं मी तिथं जाऊन उकिडवी बसायची. काळ्या मुंग्यांची लांबच लांब रांग लागलेली. वहिनी हसून हसून लोळायची, "नवऱ्याच्या मुताची राखन करनारी बायकू म्या आजच बघितली." हस बाई, मी म्हणायची. मला चैन नव्हतं. रोज जायची, रोज मुंग्या. मग रांग जरा बारीक वाटायला लागली. वाटायला लागली म्हणून परत परत बघायला जायची. तहानही कमी झाली होती ह्यांची, तांब्या भरलेला राहायचा. आणि एक दिवस गेले तर जागा नुसती ओली. मुंगी नाही. मी वाट बघितली. शेजारून एक मुंगी आली, ओल्यावरून चालत पलीकडं निघून गेली. मी पदर तोंडात धरून रडले. मिरजेला जाऊन नळी करून आलो, पाणी निळं ते निळंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या, आणि जन्मभर चालू द्या.

चैत्रात बैठकीचं बोलावणं आलं. आम्ही परत गेलो. ह्यांचा पाय भरलेला, चेहऱ्यावर तकाकी आलेली, आत्यांनी ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला. "बरा झाला माजा ल्योक," म्हणाल्या. "आता खायला काय हरकत हाय?"

"आत्या, बरं न्हाई झालं. नुसतं आवरलंय. सोडलं की परत येतंय."

"जा गं. बरा दिसतुया, आनि ही म्हनती बरा न्हाई." आणि ताटात शिरा.

हे माझ्याकडं बघेनात. नणंद दारात उभी होती, सुकलेल्या तोंडाची. तिच्याकडं बघितलं आणि ह्यांनी शिरा खाल्ला. दुसऱ्या दिवशी लाडू. मग गुळाचा चहा, आला-गेला बसला की त्याच्याबरोबर. मी रुसले, अबोला धरला, ताट उचलून नेलं, काही उपयोग नाही. "पोरीचं ठरंपातूर," हे म्हणायचे. "मग परत तुजी बाजरी." पण मला त्यांचा तांब्या दिसत होता, परत रिकामा व्हायला लागलेला.

बैठकीचा दिवस. वाळवेकर आले, मुलाचा बाप, मामा, चार माणसं. भावकी ओसरीत बसली, धाकटे मामंजी सगळ्यांच्या पुढं. आत पुरणपोळ्या, गुळवणी. मी पाणी आणायला म्हणून बाहेर पडले आणि पाय आपोआप गोठ्यामागं वळले. कडब्याच्या गंजीजवळ ओली जागा. आणि तिथं मुंग्या! आटपाडीला कधी बघितल्या नव्हत्या एवढ्या. जमीन हलतेय असं वाटत होतं. माझ्या हातातनं घागर सुटली.

मी घरात आले, आत्या पोळी लाटत होत्या, त्यांचा पिठाचा हात तसाच धरला आणि ओढत बाहेर आणलं. "येडी झालीस का? पावनं बसल्यात," म्हणत होत्या. मी सोडला नाही. गोठ्यामागं नेलं आणि दाखवलं. "बघा. परम्याला मुंग्या लागत्यात का, आत्या? ह्यांचं सगळं अंग गोड झालंय. त्यात तुमी आनिक गोड वाढताय."

आत्या बघत राहिल्या. खाली वाकल्या. बोटानं मुंग्यांच्या कडेची माती चाचपली. मग ताठ उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या तोंडावर मी कधी बघितला नव्हता असा उजेड आला. परमा नव्हता! पोरगा निर्मळ होता! एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं असणार तेव्हा. डोक्यावरचा पदर सावरला आणि सरळ ओसरीत गेल्या, पाहुण्यांच्या समोर, जी बाई जन्मात परक्या पुरुषापुढं उभी राहिली नव्हती ती.

"समद्यांनी उटा," म्हणाल्या. "गोठ्यामागं चला. सोयरं, तुमीबी या. माज्या ल्योकाला परमा म्हनताय न्हवं? या, बघा."

मी मातीत तोंड लपवायच्या बेताला आले होते. हे कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले. पण माणसं उठली. फेटे, टोप्या, काठ्या, सगळी रांगेनं गोठ्यामागं. आत्या काठी घेऊन उभ्या, कोंबड्या येऊ नयेत म्हणून. एकेक माणूस वाकायचा, बघायचा, बाजूला व्हायचा. धाकटे मामंजी सगळ्यांत जास्त वेळ वाकून राहिले. वाळवेकर म्हातारा बघून म्हणाला, "ह्यो परमा न्हवं. आमच्या शिवारात एकाला हुता ह्यो. गोड मूत." पुढं आणखी काहीतरी म्हणणार होता, पण आत्यांकडं बघून थांबला. मग हात जोडून म्हणाला, "आमची पसंती हाय. पोरगी आमची झाली समजा."

सगळे मोकळे झाले. हसत-बोलत ओसरीत परत गेले. आत पंगत बसली, वाढायला जावा धावल्या. ह्यांच्या ताटात मी बाजरीची भाकरी वाढली. धाकट्या मामंजींनी स्वतः उठून ह्यांना ताक वाढलं. नणंद चुलीजवळ पदरात तोंड घालून हसत होती का रडत होती कळेना.

आत्या कुठं दिसेनात. मी बघायला गेले. त्या गोठ्यामागंच होत्या, कडब्याला टेकून खाली बसलेल्या, काठी बाजूला पडलेली. त्या जागेकडं बघत होत्या. हाताला अजून पीठ होतं.

"म्हातारा पुढं काय म्हननार हुता?" त्यांनी विचारलं. "तेंच्या शिवारातला. काय झालं त्येचं?"

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. त्यांना कळलं.

"जात न्हाई म्हनलीस न्हवं ह्यो? कवाच?"

"न्हाई, आत्या. पाळलं तर ऱ्हातंय गप. जात न्हाई."

आत्यांनी पिठाचे हात एकमेकांवर चोळले, चोळत राहिल्या. आत पंगतीत कुणीतरी आणखी पोळी मागत होतं.

"परमा असता तर बरं झालं असतं गं," त्या म्हणाल्या. "सुया टोचून बरा तरी झाला असता माजा ल्योक."